आमेन वाजवायचं नाही

आज त्याच्या देशात त्याच्या स्टुडिओबाहेर गायक ताटकळत बसतात म्हणे. बसू देत. आम्ही त्याला पाहिलं तेव्हा मस्कतजवळच्या अल खौदमधल्या एका किराणा दुकानावरच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून तो गाणी रेकॉर्ड करायचा. इथिओपियाचा माणूस, मस्कतच्या एका हॉटेलात रोज संध्याकाळी पाहुण्यांच्या फर्माइशीची इंग्रजी गाणी वाजवायचा. अकरा वर्षं घरी गेला नव्हता. आम्ही त्याला मास्टर म्हणायचो.

मी वसईचा, पोटासाठी मस्कतला आलेला. आठवडाभर एसी दुरुस्त करायचे आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, हे माझं आयुष्य. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या हॉटेलातला एसी बिघडला आणि आमची ओळख झाली. मी ऑर्गन वाजवतो म्हटल्यावर त्याने मला तिथल्या तिथे पकडलं. त्याने स्वतः रचलेली चार गाणी होती, आणि अदिस अबाबातला एक कॅसेटवाला ती ऐकायला तयार झाला होता. त्याने घेतली तर मास्टर हॉटेलातून सुटणार. नाहीतर आहेतच जन्मभर फर्माइशी.

पहिल्याच दिवशी आमचं बिनसलं. त्याच्या गाण्यात सूर पाचच. एफ आणि बी वर्ज्य, काळ्या पट्ट्यांकडे तर बघायचंही नाही. मी भडकलो. अरे, देवाने सात दिलेत, उरलेले दोन काय भाजीत घालू? पण त्याच्या खोलीतल्या ऑर्गनवर बोटं सवयीने नेमकी तिकडेच जायची आणि तो शांतपणे टेप मागे फिरवायचा. एकदा नाही, वीसदा. शेवटी मीच कामावरून डक्टला लावायची चंदेरी चिकटपट्टी आणली आणि ते दोन सूर जिथे जिथे होते तिथे तिथे डकवून टाकली. बोटाला गुळगुळीत लागलं की समजायचं, इथे बंदी. मास्टर पोट धरून हसला.

त्यानंतर काय सांगू, नुसती धमाल. गाणारी बाई त्याच्याच देशाची. अल मवालेहला एका घरी मुलं सांभाळायची, सुट्टी फक्त शुक्रवारी. ती आल्या आल्या कॉफीच्या बिया भाजायला घ्यायची. त्यांच्यात तीन कप प्यायल्याशिवाय उठायचं नसतं. माझी बायको पक्की चहावाली, पण तिसऱ्या कपाला तीही त्यांच्यासारखे खांदे उडवत नाचायला लागायची. घरी मात्र म्हणायची, त्या कॉफीने झोप उडते बाई.

चौथ्या शुक्रवारी शेवटचं गाणं होतं. दुसऱ्या दिवशी ओळखीचा एक जण कॅसेट घेऊन विमानाने निघणार होता. आता मी तयार झालो, या तोऱ्यात मी सगळ्या चंदेरी पट्ट्या उपटून काढल्या. गाणं असं रंगलं म्हणता! आणि संपता संपता माझा हात आपोआप एफवर गेला. चर्चमध्ये गाणं संपलं की 'आमेन'चे दोन कॉर्ड द्यायचे, ही वीस वर्षांची सवय. बाई हसली, बायको हसली. मास्टर हसला नाही.

बाईला दिवेलागणीला, मगरिबच्या नमाजाआधी परतायचं होतं. जेमतेम वीस मिनिटं उरली होती. मी म्हटलं, राहू दे की, दोन सेकंदांचा तर मामला, कोणाला कळतंय?

"घरी कळेल," तो म्हणाला. "म्हणतील, पोरगा हॉटेलातच राहिला."

माझा तोरा खाडकन उतरला. मी पट्ट्या पुन्हा चिकटवल्या. आम्ही परत वाजवलं, शेवट त्याला हवा तसा केला, आणि बाई चपला हातात घेऊन टॅक्सीकडे पळाली.

महिनाभर काही कळलं नाही. मास्टर फर्माइशी वाजवत राहिला आणि मी उगाच एसी तपासायच्या निमित्ताने त्याला बघून यायचो. अदिसहून फोन आला तो शुक्रवारीच, आम्ही सगळे खोलीत असताना. तो आपल्या भाषेत हूं हूं करत ऐकत राहिला, मग रिसीव्हर ठेवून मटकन खाली बसला. कॅसेट घेतली का, मी विचारलं. त्याने मान डोलावली, घेतली. आणि ऑर्गनबद्दल काय म्हणाले, हेही मी विचारून घेतलं. काय करणार, स्वभाव. तर ऑर्गनबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. मी फुगणारच होतो, पण त्याच्याकडे बघितलं तर तो हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

कॅसेटवाल्याने दुकानाबाहेर गाणं मोठ्याने लावलं होतं. जाणारी येणारी माणसं थांबत होती, त्याची चाल ओळखत होती आणि सगळी एकच गोष्ट विचारत होती.

"विचारतायत," मास्टर म्हणाला, "हा घरी परत कधी आला?"