शेजाऱ्यांना पाचपैकी किती?

सर्व्हेच्या ऑफिसात आकडे मागे लागून गोळा करावे लागतात. किस्से मात्र न बोलावता येऊन बसतात.

आमचं सध्याचं काम म्हणजे पुण्याच्या कुठल्या भागातले लोक एकमेकांना किती धरून आहेत, याची तुलना. प्रत्येकाने शेजाऱ्यांना पाचपैकी गुण द्यायचे. जिथे गुण सर्वांत कमी, तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी जेवणाचं केंद्र निघणार. केंद्र एकच.

पेठेतल्या एका आजोबांना शेजाऱ्यांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. आजोबांनी गुण दिले दोन.

"दोनच?"

"गाडी खड्ड्यांतून नेली."

त्यांच्याच समोरच्या बाई गुण द्यायलाच तयार नव्हत्या. "चांगले दिले तर त्यांना कळेल!"

महापालिकेच्या हद्दीत नुकत्याच आलेल्या गावात उलटा प्रकार. पारावर एकाला विचारलं की सगळे उत्तर देतात. "पाच टाका, सायेब."

"अहो, पण शेजाऱ्याशी तर तुमचं बोलणंच बंद आहे ना?"

"ते आमचं आमच्यात. भायेरच्याला पाचच सांगायचे."

आमच्या प्रमुख नीलाताई आकडे बघून म्हणाल्या, "असं तर केंद्र पेठेत जाईल. पेठेतले दोन आणि गावातले पाच एका मापाचे नाहीत."

यावर ठरलेला उपाय आहे. सगळ्यांना एकच काल्पनिक गोष्ट ऐकवून तिलाही गुण द्यायला सांगायचे. मग कोणाचे पाच किती मोठे, ते कळतं. गोष्ट मी लिहिली. एका माणसाची बायको वारते. वरच्या मजल्यावरच्या भाभी त्याला रोज डबा पाठवतात आणि रविवारी वर जेवायला बोलावतात.

"शहरात हे लोकांना खरं वाटेल?" नीलाताईंनी विचारलं.

"वाटेल," मी म्हटलं. विश्रांतवाडीत माझ्या वरच्या मजल्यावर शेखभाभी राहतात.

पेठेत गोष्टीला तीन मिळाले. "भाजी कोणती असते, ते लिहिलेलं नाही."

गावातलं शेवटचं घर एका आजींचं होतं. मुलं लांब, घरात एकट्या. सकाळी केलेला भातच रात्री खातात. शेजाऱ्यांना त्यांनीही पाच दिले होते. मी गोष्ट वाचून दाखवली.

"बनवलेली हाय का खरी?"

काल्पनिक आहे, असंच सांगायचा नियम आहे.

"खरी आहे," मी म्हटलं.

"रईवारी वर बोलावत्यात?"

"हो."

आजी उठल्या, दार लोटून आल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "मग आमचं पाच खोडा."