बिडकीनला धरलेला उपवास

निघताना माझ्याजवळ सहा लिटर सीलबंद पाणी होतं आणि ‘पूर्वग्रह’ या विषयावरची बावीस पानं. पाणी बायकोनं दिलं होतं, पानं मी लिहिली होती, आणि बसमधल्या शेजाऱ्याला दोन्हींचा सारखाच त्रास झाला. सहा बाटल्यांची पिशवी त्याच्या पायात आणि माझे कागद त्याच्या मांडीवर.

“तिकडे दुष्काळ आहे. टँकरचं पाणी. त्यात तुमचं पोट म्हणजे तेरावा महिना,” सुनंदा दारातून म्हणाली होती. “बाहेरचं पाणी प्यायचं नाही.”

मी नाही प्यायलो. शब्द पाळण्यात मी पक्का. संभाजीनगरच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन असं, की डांबराला वास सुटलेला. समोरच रसवंती होती. घुंगरं वाजत होती. उसाचा रस म्हणजे काही पाणी नव्हे, असा कायदेशीर विचार करून मी बर्फ घातलेले दोन ग्लास संपवले. पुढं तीन दिवस जे झालं त्याची मुळं पुष्कळ खोल आहेत. पण एक बारीक मूळ त्या बर्फात आहे.

रिक्षावाला साठीचा होता. “पानी इतना लेके आए साब? अच्छा किए. हमारे गल्ली में नल आया तो समझो ईद है. लोगां उठ-उठ के गले मिलते.” आणि मग माझ्या बाटल्यांकडं आरशातून पाहत, “एक गाडी में छोड़ के जाओ तो भाड़ा नक्को.”

मी हसलो. बाटली दिली नाही, भाडं दिलं. हे मी आता लिहितोय. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैठण रस्त्यानं बिडकीनला गेलो. आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतल्या तीसेक शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी घेणार होतो. वर्गात जातीवरून, धर्मावरून, घरच्या परिस्थितीवरून जे चालतं त्याबद्दल मुलांशी कसं बोलायचं, हा विषय. मी हे काम बारा वर्षं करतोय. माझं आडनाव असं आहे की त्याच्या जोरावर मला कुणी कधी काही विचारलेलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून मी हा विषय शिकवतो. हे वाक्य मी प्रशिक्षणात म्हणतो. लोक हसतात.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा होत्या, म्हणजे होत्या असं म्हणायचं. झाडं वाळून तोडलेली, सरपणासारखी बांधावर रचलेली. मग अचानक शेत संपलं आणि सिमेंटचे रुंद रस्ते सुरू झाले. नव्या औद्योगिक वसाहतीचे. चार-चार पदरी, मधे दिव्यांचे खांब, भूखंडांचे आकडे लिहिलेल्या पाट्या. आणि माणूस एक नाही. एका पाटीच्या सावलीत, सावलीच्या आकाराची, मेंढरं बसली होती.

केंद्राच्या सभागृहात केंद्रप्रमुख पाटील सरांनी नारळ देऊन स्वागत केलं. मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, चांगला माणूस. मी फळ्यावर ‘विशेषाधिकार’ असा शब्द लिहिला.

“म्हणजे आमदाराला असतो तो का सर?”

“नाही, आपल्याला असतो तो.”

“आपल्याला तर सर, जनगणनेचा असतो,” पाटील सर म्हणाले आणि हॉल हसला. मी शब्द पुसला आणि ‘आयतं मिळालेलं’ असं लिहिलं.

मग नेहमीचा खेळ घेतला. सगळे एका रेषेत उभे. मी वाक्यं वाचायची. ज्याला लागू त्यानं एक पाऊल पुढं. घरात आधीच्या पिढीत कुणी शिकलेलं होतं. खोली भाड्यानं घेताना कुणी आडनावापुढं आणखी काही विचारलं नाही. माझ्या समाजाच्या नावानं मी कधी शिवी ऐकली नाही. प्रामाणिकपणा दाखवायला मीही रेषेत उभा राहतो. दहाव्या वाक्याला मी समोरच्या भिंतीला टेकलो. भिंत नसती तर पैठणला पोचलो असतो.

“सर, शर्यत तुम्हीच जिंकली!” कुणीतरी ओरडलं.

मागं वळून पाहिलं. रेषेवर तिघं उरली होती. त्यांतल्या एक शेंडगे मॅडम. चाळिशीच्या, खादीची साडी, हातात गुंडाळलेली वही. त्या हलल्या नव्हत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेच्या फोटोत असतो तसा भाव होता.

प्रशिक्षणाचा दुसरा दिवस गुरुवार. रसवंतीतला बर्फ आता पोटात कामाला लागला होता, तरी जेवणाच्या सुट्टीत मी पोह्यांची एक बशी सगळ्यांदेखत संपवली, कारण पाटील सर आग्रह करत होते आणि मला नाही म्हणता येत नाही. त्यानंतर शेंडगे मॅडम व्हरांड्यात आल्या.

“सर, कालच्या खेळात एक वाक्य राहिलं.”

“कोणतं?”

“डब्याचं.” त्यांनी वहीची सुरळी घट्ट केली. “आम्ही शाळेत पाचजणी. रोज एकीनं सगळ्यांसाठी भाजी आणायची, अशी पाळी. माझी पाळी गुरुवारी. आणि गुरुवारी सगळ्यांचे उपास. आधी माझी पाळी सोमवारी होती, तवा सोमवारचे होते.”



“अकरा वर्षं झाली. भांडण नाय, वाकडा शब्द नाय. सगळ्या चांगल्या हायत. माझ्या आजारपणात रात्र-रात्र बसल्यात. फक्त आम्ही धनगर. माझे आईबाप मेंढरामागं फिरले, भाऊ अजून फिरतो. मी आश्रमशाळेत राहून शिकले. माझ्या वर्गात चार पोरं आमच्यातली हायत सर. बाकीची त्यांना ‘बें’ करून हाका मारतात. मी त्यांना काय सांगू? माझाच डबा मी परत नेते.”

“हे उद्या बोलाल?” मी विचारलं. “सगळ्यांसमोर?”

त्यांनी मैदानाकडं पाहिलं. तिथं टँकर उभा होता आणि खाली ठिबकणाऱ्या थेंबांना एक कुत्रं जीभ लावत होतं.

“त्या चौघी समोरच असणार.”

“मी असेन ना बाजूला.”

“बोलते,” त्या म्हणाल्या. मग एकदम मोकळ्या होऊन, “सर, संध्याकाळी आमच्याकडं येता? भावाच्या मेंढरांचा वाडा इथंच मुक्कामाला पडलाय. आई हाय. तिला सांगते, पुण्याचे सर आलेत आपल्यावर शिकवायला.”

त्यांच्या स्कूटीवर मागं बसून गेलो. पन्नाशी ओलांडलेल्या, पोट बिघडलेल्या माणसानं स्कूटीवर मागं बसू नये. सिमेंटचा रस्ता संपला तिथं एका रिकाम्या भूखंडावर जाळी लावलेली, आत मेंढरं, बाहेर दोन घोडी, एक पाल. राखणदार दर चार दिवसांनी उठवतो, मग पलीकडच्या भूखंडावर जायचं. कारखाने आले की तेही नाही.

आई सत्तरीची, कोरड्या लाकडासारखी. “या, बसा. लई लांबून आलाव.” घोंगडी अंथरली. एका तांब्यात पाणी आणलं. शेंडगे मॅडमनी सहज सांगितलं, की दोन घागरी पाणी ती एका कंपनीच्या फाटकावरून आणते. पहारेकरी गावाकडचा आहे म्हणून देतो. जायला-यायला तासभर. चुलीवर दुधाचा चहा चढला होता.

तांब्या माझ्यापुढं आला. पोटात कळ आली. आजूबाजूला नजर जाईल तिथवर सपाट जमीन, आडोशाला एक झुडूप नाही. ‘पोट बिघडलंय’ हे दोन शब्द पुरे होते. कुणी हसलं नसतं. पण म्हाताऱ्या बाईसमोर, पहिल्याच भेटीत, ते कसं म्हणायचं? आपल्याकडं खायला नको म्हणायची एक रीत आहे. ती मला आईनं शिकवली, तिला तिच्या आईनं. जीभ आपोआप त्या वाटेनं गेली.

“नको आजी. आज माझा उपवास आहे.”

म्हटलं, आणि शेंडगे मॅडमचा चेहरा दिसला.

आजीला काहीच कळलं नव्हतं. तिनं चहाकडं बोट केलं. “उपासाला च्या चालतो की वो. दूध आपल्या शेळीचंय.”

इथं तरी थांबायचं. एक घोट घ्यायचा, होईल ते होऊ द्यायचं. पण खोटं बोलणाऱ्या माणसाला खोटं नीटनेटकं करायची हौस असते.

“माझा निर्जळी आहे.”

“निर्जळी!” आजीनं तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. “असल्या उन्हात? पाण्याचा थेंब नाय?” मग लेकीकडं वळून, “बघ गं सुमन. मोठी माणसं अशी असत्यात.”

“व्हय आई,” शेंडगे मॅडम म्हणाल्या. “राहू दे. सरांचा उपास हाय.”

दुपारची पोह्यांची बशी त्यांनीच माझ्या हातातून घेऊन ठेवली होती.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती सांगितली नाही तर हे सगळं पोटावर ढकलल्यासारखं होईल. तांब्याच्या काठाला लोकरीचं एक तूस चिकटलेलं होतं. ते मी पाहिलं होतं. कळ आधी आली की तूस आधी दिसलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.



तिसऱ्या दिवशी शेंडगे मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. अनुभव सांगायची वेळ आली. दोघा-तिघांनी सांगितलं. मग मी त्यांच्याकडं पाहिलं.

त्या उभ्या राहिल्या. “माझं काही नाही सर. आमच्या शाळेत सगळं चांगलं आहे.” शब्द न् शब्द शुद्ध, आणि बसल्या.

ते मला सहन झालं नाही. आपल्यामुळं ही बाई गप्प झाली, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे, असं वाटलं. मी खडू खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पाणी, तांब्या, उपवास, निर्जळी, जोडलेले हात. आणि तो उपवास इतका का लागला हे कळावं म्हणून गुरुवारची पाळीही सांगितली. अकरा वर्षं परत जाणारा डबा सांगितला. 

पुढच्या रांगेतल्या चौघी खाली पाहत होत्या. मग पाटील सर उठले आणि त्यांनी टाळी वाजवली. “याला म्हणतात मन! एवढं कबूल करायला छाती लागते!” सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. चौघींनीही वाजवल्या, त्यांना तर बरंच वाटलं असावं. मला शाल दिली. एकजण कानाशी येऊन म्हणाले, “सर, डोळ्यांत पाणी आणलंत.”

जेवणाच्या सुट्टीत त्या चौघी शेंडगे मॅडमना शोधत होत्या. “आज तुमची भाजी आम्हाला हवीच,” असं एक म्हणत होती. पण त्या दिवशी मॅडमनी डबा आणलाच नव्हता.

मी त्यांना स्कूटीपाशी गाठलं.

“मॅडम, मी चुकलो. म्हणून तर सगळ्यांसमोर—”

“सर,” त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. “ते माझं होतं. अकरा वर्षं ठेवलेलं. ते पण तुम्हीच सांगून टाकलं.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

“आता त्या रोज माझी भाजी खातील,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी.”

परतीच्या बसमध्ये खिडकीतून तेच रस्ते उलटे गेले. मी बारा वर्षं लोकांना सांगत आलोय, की दुसऱ्याचं ऐका. ऐकलेलं आपलं होत नाही, हे माझ्या बावीस पानांत कुठंच नव्हतं. सुनंदानं विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, टाळ्या पडल्या. ती म्हणाली, मग तोंड असं का? पोट, मी म्हटलं.

संस्थेत ही हकीगत पोचली होती. पुढच्या प्रशिक्षणांत हा ‘प्रसंग’ घ्या, फार परिणामकारक आहे, असं सांगण्यात आलं. मी घेतला नाही. हे लिहायच्या आधी मात्र शेंडगे मॅडमना फोन केला आणि लिहू का, असं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

“नावं बदला,” त्या म्हणाल्या. बदलली आहेत. “आणि सर, तुमचं लिहिलेलं आईपर्यंत काही यायचं नाय, तरी सांगते. तिला मी काही बोलले नाय. ती अजून सांगती लोकांना तुमचा उपास.”

“अजून?”

“पहारेकरी बदलला ना. आता एकच घागर मिळते. मेंढरांना, लेकरांना पाजून तिला कमी पडतं. मी म्हटलं, आई, तू पी आधी. तर म्हणती, त्या पुण्याच्या सरांनी एवढ्या उन्हात निर्जळी धरला, मला काय धाड भरलीय?”