मेजर आणि किसनचा हात

मेजरचा उजवा कान तोफांच्या आवाजानं गेलेला होता. पण त्या कानाचा जेवढा उपयोग त्यानं करून घेतला, तेवढा धडधाकट कानाचाही कोणी केला नसेल. आपलं म्हणणं त्याला पटेनासं झालं की तो सावकाश मान फिरवायचा आणि बहिरा कान आपल्या तोंडासमोर आणून ठेवायचा. आपण बोलत राहायचं आणि त्यानं दूरच्या बाभळीकडे बघत राहायचं. बोलणं संपलं की तो विचारायचा, "झालं?" मग आधी ठरवलेलं असायचं तेच करायचा. जालन्यात सगळे त्याला मेजरसाहेब म्हणत. तोंडावर मीही म्हणायचो. लिहिताना मात्र 'साहेब' माझ्या हातून उतरत नाही.

तो एक्याऐंशी साली आला. गावोगाव बोअर मारून हातपंप बसवणाऱ्या एका परदेशी संस्थेनं त्याला पाठवलं होतं. जालन्यात, स्टेशनच्या बाजूला त्यानं घर भाड्यानं घेतलं. मी तीर्थपुरीचा, नुकताच बी.ए. झालेला. इंग्रजी बरं होतं म्हणून त्याचा दुभाषा झालो. त्याच्या मागोमाग जीपमधून फिरायचं आणि तो बोलेल ते मराठीत सांगायचं, हे माझं काम. माझं प्रत्येक वाक्य "सायेब म्हणतायत की" असं सुरू व्हायचं.

त्याला कोणी इंग्रज म्हटलं की तो लाल व्हायचा. "त्यांना सांग, मी स्कॉटलंडचा आहे. इंग्रज वेगळे, आम्ही वेगळे." हे मी कितीतरी गावांत सांगितलं. एका पारावरचे म्हातारे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बराबर हाय. पण हाय तर गोराच ना?" हे इंग्रजीत सांगितल्यावर मेजरनं ताबडतोब मान फिरवली.

जेवताना तो स्वतःबद्दल बोलायचा, तेही हुकूम सोडल्यासारखं. बाप डोंगरातल्या एका थंड गावचा शाळामास्तर. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा पोरसवदा होता, तोफखान्यात भरती झाला आणि तिथंच अधिकारी झाला. आफ्रिकेतल्या वाळूत आणि इटलीतल्या टेकड्यांवर त्यानं तोफा चालवल्या. लढाई संपल्यावर जर्मनीत राहिला, मलायाच्या जंगलात गेला. पुढे बढती मिळाली नाही. वरिष्ठ बिनडोक होते, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या हाताखाली काम केलेलं असल्यामुळे मला त्या वरिष्ठांचीही बाजू दिसायची. बायको वारली, मूलबाळ नव्हतं, पेन्शन होती. मग तो आमच्या नशिबी आला.

कामात तो खोटा नव्हता, हे सांगायला हवं. बोअर आपल्या दारात व्हावा म्हणून गावातले मोठे लोक त्याला जेवायला बोलवायचे. तो जेवायचा, हात धुवायचा आणि पंप वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं कोणी पाणी देत नव्हतं तिथं बसवायचा. मालदार मंडळी चिडली की मला म्हणायचा, "हुकूम एकदाच द्यायचा. दुसऱ्यांदा दिला की ती विनंती होते." त्या वस्त्यांमधल्या बायका अजून त्याचं नाव काढतात. काढू देत. त्यांनी किसनला बघितलेलं नाही.

किसन कुंभार पिंपळगावचा. बोअरच्या गाडीवर मशीन चालवायचा. कामाला उभा राहिला की बारीक आवाजात गुणगुणायचा. कॉम्प्रेसरच्या गोंगाटात ते कोणालाच ऐकू जायचं नाही, नुसते ओठ हलताना दिसायचे. मे महिन्यात तीर्थपुरीपलीकडच्या एका गावी आम्ही बोअर घेत होतो. सकाळपासून किसन मशीनवर होता. दुपारी त्याला सोडवायला येणारी माणसं आलीच नाहीत, त्यांची जीप वाटेत बंद पडली होती. ऊन असं होतं की लोखंडाला हात लागला की चटका बसायचा.

किसन माझ्याकडे आला. "भाऊ, सायबाला सांगा, हात कापून राह्यलेत. घडीभर बसू द्या, मंग पुन्हा लागतो."

मी सांगितलं. मेजर म्हणाला, "पाणी जवळ आलंय. तोफ तापली म्हणून गोलंदाज सावलीत जात नाही."

"साहेब, त्याचे हात थरथरतायत."

मेजरनं मान फिरवली.

थोड्या वेळानं बोअरचा लोखंडी रॉड जोडताना किसनच्या हातून निसटला आणि उजवा हात पान्याखाली सापडला. मी त्याला जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. मेजर आला नाही. त्यानं मशीन जेमतेम येणाऱ्या एका गड्याला तिथं उभं केलं आणि बोअर पुरा केला. संध्याकाळी पाणी लागलं. गावानं त्याच्या गळ्यात हार घातला. त्या वेळी इकडे दवाखान्यात डॉक्टर किसनच्या बायकोला, शांताबाईला, तीन बोटं गेली म्हणून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मेजरनं सगळ्या गड्यांना त्याच गावच्या चौकात उभं केलं. भोवती गाव जमा झालं. तो म्हणाला आणि मी नेहमीसारखं मराठीत सांगितलं, "सायेब म्हणतायत की, मशीनमध्ये दोष नव्हता. माणूस बेफिकीर होता."

परत येताना मी विचारलं, असं का बोललात. त्याला माझा प्रश्न बाळबोध वाटला असावा. "तोफेवर अपघात झाला की त्याच दिवशी कारण ठरवायचं असतं. नाहीतर बाकीच्यांचे हात थरथरायला लागतात."

"पण ते कारण खरं नाही."

"झालं?" तो म्हणाला.

चौकातलं ते बोलणं किसनच्या आधी सगळीकडे पोचलं. हात बरा झाल्यावर तो जालन्यात दुसऱ्या बोअरवाल्यांकडे गेला. उरलेल्या बोटांनी करता येईल अशी कामं तिथं होती. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, तुझ्या सायबानंच सांगितलंय तू कसा आहेस ते. आमच्या गोदामावर राखणदाराची जागा होती. ती किसनला द्या म्हणून मी मेजरच्या मागं लागलो. तो म्हणाला, "दयेवर ठेवलेला माणूस फौज बिघडवतो." शेवटी किसननं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाजाराच्या दिवशी तिथून कोणी बोअरवाला गेला की तो मान खाली घालून चाक फिरवत बसायचा. त्याचं गुणगुणणं बंद झालं होतं.

पुढे मी ती नोकरी सोडली आणि एका बियाण्याच्या कंपनीत लागलो. मेजर राहिला. नव्वद सालानंतर कधीतरी त्याची तब्येत ढासळली आणि मायदेशी परत जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला बोलावलं. हातात काठी होती. म्हणाला, "किसनच्या घरी जायचं आहे. मला तुझी मराठी लागेल."

पिंपळगावचा बाजार होता. दुकानामागच्या खोलीत किसन आणि शांताबाई होती. मेजर खाटेवर बसला आणि एक गोष्ट सांगू लागला. इटलीत त्यानं दिलेल्या हुकमावरून सुटलेले गोळे आपल्याच माणसांवर पडले होते. चौकशीत दोष कोणाचाच निघाला नाही. मेलेल्यांच्या घरी तो कधी गेला नाही. मी सगळं मराठीत सांगितलं.

किसननं ऐकून घेतलं. "सायबाला म्हणा, वाईट झालं. पण ते त्यांचं झालं. मी इतकी वर्षं इथं बसून राह्यलोय, माझं काय ते सांगा."

मेजरनं काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "त्याला थोडा वेळ बसू द्यायला हवं होतं. चूक माझी होती. तो बेफिकीर नव्हता."

शांताबाईनं पदर तोंडाला लावला. किसन उठून उभा राहिला. "इथं खोलीत बोलून न्हाई चालायचं, सायेब. त्या दिवशी चौकात बोल्ले होते. आज बाजार भरलाय, बाहेर चला आन् बोला."

मी तेही सांगितलं. मेजर उठला. मला वाटलं, तो खरंच बाहेर जाऊन बोलेल. तो दारातून निघाला, बाजारातल्या लोकांमधून सरळ चालत गेला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

मी त्याच्या मागे गेलो, पण जीपमध्ये बसलो नाही. दुकानासमोर उभा राहिलो आणि भाजीवाल्यांना, गिऱ्हाइकांना, दोन बोअरवालेही होते त्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "सायेब म्हणतायत की, किसन बेफिकीर नव्हता. चूक सायबाची होती."

लोक माझ्यावरची नजर काढून जीपकडे बघायला लागले. मेजरला एव्हाना एवढं मराठी नक्की कळत होतं. काच खाली होती. तो समोर बघत ताठ बसून होता. हात वर करून, मान हलवून, एका शब्दानं त्याला मला खोटं पाडता आलं असतं. त्यानं ते केलं नाही.

मग मी जीपमध्ये बसलो आणि आम्ही जालन्याला परतलो. सकाळी तो गेला, आणि दोनेक वर्षांनी तिकडेच वारल्याचं कळलं. संस्थेच्या लोकांनी शोकसभा घेतली आणि मला बोलायला बोलावलं. मी गेलो नाही. बाजारात मी बोलत असताना तो गप्प राहिला, एवढंच मला त्याच्या बाजूनं सांगता आलं असतं, आणि तेवढ्यासाठी सभा कशाला.