लाइन रिकामी

जहाजावर सेकंड ऑफिसरला सगळे मोती म्हणत, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. रसायनं वाहून नेणाऱ्या टँकरवर लिहायचं काम फार. टाकीची पातळी, पाइपच्या लाइनीतला दाब, कोणता व्हॉल्व्ह कधी बंद केला, सगळं तासातासाला नोंदवायचं. मोतीची वही इतकी नेटकी, की तपासणीला कोणी आलं की कप्तान मुद्दाम तीच पुढे करत. सगळ्याच नोंदी डेकवर जाऊन केलेल्या नसतात, हे एकट्या मोतीलाच ठाऊक होतं.

त्या दुपारी कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा उतरवून झाला होता. पंप थांबले होते. जाड होजमधला, म्हणजे किनाऱ्याला जोडलेल्या रबरी नळीतला, उरलासुरला माल हवेच्या झोताने किनाऱ्याकडे ढकललाही होता. आता पाळीवरच्या ऑफिसरने स्वतः होजच्या जोडापाशी जायचं, तिथला छोटा नळ उघडून आत काही उरलं नाही ना ते पाहायचं आणि मगच यादीत खूण करायची. सकाळपासून मोतीच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. रबरी सूटमध्ये अंग शिजून निघालं होतं. कंट्रोल रूममध्ये गार हवा होती, समोर चहा होता. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या माणसाने वॉकीटॉकीवर सांगितलं की लाइन मोकळी झाली. एवढा जुना माणूस सांगतोय म्हटल्यावर पुन्हा कशाला उठायचं, असा विचार करून मोतीने लिहून टाकलं, 'लाइन रिकामी, दाब शून्य. स्वतः तपासले.'

ती नोंद वाचून पंपमन होज सोडवायला गेले. वयाने सगळ्यांत मोठे म्हणून त्यांना सारे मामा म्हणत. बोल्ट नीट दिसेना, तेव्हा त्यांनी तोंडावरची संरक्षक काच जराशी वर सरकवली. लाइनीत दाब अडकलेला होता. जोडाला फट पडली आणि फवारा त्यांच्या हनुवटीवर, मानेवर उडाला. हातमोज्याच्या वरून आत शिरून कोपरापर्यंत उतरला. आतून चष्मा घातला होता म्हणून डोळे वाचले.

मोती धावत पोचला तेव्हा खलाशांनी मामांना शॉवरखाली धरलं होतं. मामा ओरडत नव्हते. दातओठ आवळून उभे होते. मोतीला पाहून ते कसेबसे म्हणाले, "साहेब, बाकीच्यांना लांब ठेवा. आत अजून आहे."

मामांना इस्पितळात नेलं. जहाजावर चौकशी झाली. कप्तानांनी यादी पाहिली, सही पाहिली आणि मान हलवली. कागद चोख होता. काच वर केली ती मामांनी. मोती समोरच बसला होता. एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं, पण कप्तानांनी परत दिलेली यादी त्याने फाइलीत लावून टाकली. त्यानंतर दोन दिवस जेवणाच्या टेबलावर लोक मामांच्या निष्काळजीपणाबद्दल बोलत राहिले आणि तो ताटात खाली पाहून घास गिळत राहिला. एकाने तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, तू तरी काय करणार, तू तुझं काम केलंस.

तिसऱ्या दिवशी इस्पितळातून मामांचा जबाब आला. चूक माझीच, काच वर करायला नको होती, एवढंच त्यात होतं. मोतीबद्दल अक्षरही नव्हतं. तो जबाब वाचून मोती उठला आणि थेट कप्तानांच्या केबिनमध्ये गेला. सगळं सांगितलं. कप्तानांनी चौकशीचा कागद पुन्हा काढून समोर ठेवला. शेवटी एवढंच विचारलं, "दोन दिवस काय करत होतास?"

नोकरी जाणार हे मोती धरूनच चालला होता, ती गेलीही. पण त्या एका प्रश्नापुढे ते काहीच नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला त्याने खरं सांगितलं. सासरे मात्र शेजारीपाजारी सांगत सुटले होते, जावई मोठी रजा घेऊन आलाय. महिनाभर मोतीने ते चालू दिलं. मग एक दिवस चारचौघांत सासऱ्यांनी त्याच्या शिस्तीचं कौतुक सुरू केलं, तेव्हा त्याला ऐकवेना. त्याने तिथल्या तिथे खरं काय ते सांगून टाकलं. सासरे उठून आत गेले. नंतर बरेच दिवस ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत.

मामांकडे जायला त्याला आणखी दोन महिने लागले. त्यांचा हात कोपराजवळ आखडला होता, बटण लावायला बायको लागायची. त्यांनी मोतीला खुर्ची दिली, त्याच्या मुलीची चौकशी केली, जहाज सध्या कुठे आहे विचारलं. मोतीने माफी मागितली तेव्हा मामांनी आखडलेला हात दुसऱ्या हाताने मांडीवर घेतला.

"मी तुमचं लिहिलेलं कधी तपासून पाहिलं नाही, साहेब," ते म्हणाले. "तुमचं अक्षर दिसलं की मी निर्धास्त व्हायचो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मोतीला बसणं सोपं गेलं असतं.

वर्षभराने त्याला दुसऱ्या टँकरवर काम मिळालं, एक पायरी खालचं. तिथला सेकंड ऑफिसर त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. नळ उघडून, डोळ्यांनी पाहून मोती कंट्रोल रूममध्ये परत येतो आणि मग वहीत लिहितो. नवे सोबती त्याच्या अक्षराची तारीफ करतात. तो पेनाचं टोपण लावतो आणि काहीतरी काम काढून तिथून निघून जातो.