माझं माप चुकलं नव्हतं

त्या गावात अजूनही सांगतात की मी एकदा अडीचच्या हातात सव्वादोनच्या बांगड्या कोंबल्या. हे खोटं आहे. तेव्हा मी हे बोलू शकले नाही, म्हणून आता लिहिते.

मी जातीची कासार नाही. माझ्या माहेरी मोहफुलं वेचायचे. नवऱ्यानं सोडल्यावर चांद्याच्या एका म्हाताऱ्या कासारणीची टोपली वाहत धंदा शिकले. ती गेल्यावर पोंभुर्ण्याकडची गावं पायी फिरून मी माझी केली. भाव करण्यात मला कुणी हरवत नसे, आणि राग तर नाकावरच असे. तरी बायका माझ्याकडेच येत, कारण हात नुसता धरला की मला माप कळायचं. अंगठ्याच्या बुडाशी बांगडी जराशी अडे आणि मग सरकन मनगटावर. ओरखडा म्हणून नाही.

त्या गावची नाटक मंडळी होती. धान निघालं की बैलांच्या शर्यतींचा पट भरे, आणि पटाच्या दिवशी नाटक. त्यातली नायिका तीस वर्षं एकच माणूस करत होता. पन्नाशी उलटलेला, दिवसा धानाच्या बांधीत राबणारा शेतकरी. मी त्यांना भाऊ म्हणे. त्यांच्या बांगड्याही मीच भरी. खेळ झाला की ते साबण लावून उतरवत, पुढच्या खेळाला तशाच चढवत. काचेच्याच हव्यात असा त्यांचा हट्ट. प्रवेशात नुसता हात फिरवून ते असा आवाज काढत की मागच्या रांगेतली पोरंही गप्प बसत.

भाऊंनी लग्न केलं नव्हतं. मंडळीचा हार्मोनियमवाला कधीकाळी एका हंगामापुरता परगावाहून आला तो त्यांच्याच घरी राहिला. एवढ्यावर सारं गाव बोले. बायका माझ्या टोपलीभोवती बसल्या की विषय निघायचाच.

"तू त्याचा हात धरतेस नं वं? कसा लागते?"

"धान कापनाऱ्याचा लागते तसाच. तुझ्या नवऱ्यापेक्षा खरबरीत. एक डझन घेतेस का दोन?"

बायका हसत आणि दोन घेत. मी कधी काही सांगितलं नाही, पण आज ना उद्या सांगेन असं त्यांना वाटू दिलं. त्या वाटण्यावर माझा माल खपला. पुढे जे झालं त्यात माझा वाटा असेल तर एवढाच, आणि तो मी नाकारत नाही.

त्या साली दिवाळीआधी तालमींसाठी मी भाऊंच्या बांगड्या भरल्या. पट जवळ आला तेव्हा खळ्यावर धान चुरताना भाऊंची बाही वर सरकली आणि हिरव्या बांगड्या चारचौघांना दिसल्या. भर दिवसा, अंगात सदरा, आणि हातात बांगड्या! गावाला दुसरं काय पाहिजे?

मी भाऊंच्या घरी गेले तेव्हा ते चुलीपाशी बसले होते. हार्मोनियमवाला त्यांच्या बोटांना कोमट तेल चोळत होता. बोटांचे सांधे सुपारीएवढे झाले होते.

"उतरत नाई बाई," भाऊ म्हणाले. "दिवाळीपासून हात असाच होऊन राह्यला."

मी साबण लावला, तेल लावलं, माझ्या सगळ्या युक्त्या वापरल्या. बांगडी सांध्यावर येऊन थांबे.

"फोडून टाका नं."

"फोडलो तर दुसऱ्या चढतीन का?"

"नाई."

"मंग?"

मंडळीत एका पोराला नायिकेची भाषणं शिकवणं सुरू झालंच होतं. हात गेला असं कळलं असतं तर त्याच दिवशी साडी त्याच्याकडे गेली असती. भाऊ म्हणाले, "लोकं मले काई बी म्हनोत. तीस सालापासून म्हनूनच राह्यले. पन हात गेला हे कोनाले सांगू नको."

हार्मोनियमवाल्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तेल चोळू लागला. मी हो म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कशाच्याही बदल्यात काही न मागता मी शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी पाटलांनी बोलावणं धाडलं. अंगणात मंडळीचे लोक, अर्धं गाव, आणि एका बाजूला भाऊ, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत ओढलेल्या. पाटलांनी आधी माझी टोपली उचलून घरात ठेवायला लावली.

"बाई, तुमीच याच्या बांगड्या भरता. हा दिवसाच्या काऊन घालून राह्यला? इथी सांगा अन् टोपली घिऊन जा. चार गावचे लोकं पटाले येतीन. आमाले का तोंड लपवाचं हाय?"

"मी हात भरते, पाटील. मानसाचं मन भरत नाई."

मागून एक जवान ओरडला, "हार्मोनियमवाल्याच्या नावाच्या असतीन जी!" सारं अंगण हसलं.

"तुझ्या बायकोची उधारी हाय माझ्याकडं," मी म्हटलं, "आधी त्याचं बोल." हसू त्याच्यावर फिरलं, पण माझी टोपली आतच होती. खरं सांगितलं तर माणूस बदनामीतून सुटणार आणि नाटकातून जाणार. नाही सांगितलं तर मंडळी त्याला बदनामीसाठी काढणार. मी डोकं चालवून दमले. भावात नेहमी एखादी तिसरी वाट असते. इथे मला सापडेना.

ती भाऊंना सापडली.

"बाईनं माप चुकवलं जी," ते म्हणाले. "अडीचचा हात माझा, सव्वादोनच्या भरल्या. उतरत नाई. पटाच्या तोंडावर फोडाव्या तर अपशकुन."

अंगण पुन्हा हसलं, पण आता माझ्याकडे पाहून.

"हाव का बाई?" पाटलांनी विचारलं.

मला फक्त तीन शब्द बोलायचे होते: बाह्या वर करा. सुजलेले सांधे दिसले असते आणि माझं माप खरं ठरलं असतं. भाऊ जमिनीकडे पाहत होते.

"हाव," मी म्हटलं. "चुकलं."

"शेवटी कासाराची थोडीच हाय," कुणीतरी म्हणालं. टोपली बाहेर आली.

त्या हिवाळ्यात भाऊंनी नायिका केली, आणि त्यानंतरही दोन हंगाम. दर वेळी पुढच्या खेळाचा अपशकुन पुढे करत त्यांनी बांगड्या हातातच ठेवल्या. गावाचं बोलणं काही थांबलं नाही. त्या दोघांचं काय होतं ते मला माहीत नाही. मी तेल चोळताना पाहिलं, त्याला काय नाव द्यायचं ते माझं काम नव्हे.

मला मात्र त्या गावात कुणी हात देईना. लहानपणापासून माझ्याकडे भरणाऱ्या एकीनं हात पदराखाली घेतला. "राहू द्या बाई, मांगच्या साली लई रुतल्या होत्या." रुतल्या नव्हत्या. पण आता तिला तसं आठवत होतं.

भाऊ एकदा गोंडपिपरीच्या रस्त्यावर भेटले. त्यांनी हात जोडले, बोटं एकमेकांना नीट लागत नव्हती. मी नमस्कार घेतला नाही.

"माप बरोबर होतं म्हना," मी म्हटलं.

"बरोबर होतं बाई. अगदी बरोबर होतं."

मी मागेपुढे पाहिलं. दोन्ही बाजूंना नुसतं जंगल होतं, ऐकायला कुणी नव्हतं.