खोबऱ्याची होडी आणि नाईक दत्तू

मी तेलगावचा. हवालदार म्हणून निवृत्त झालो. निकोबारमधल्या एका छोट्या बेटावर माझी पोस्टिंग होती. माझ्या सेक्शनमध्ये नांदूरघाटचा नाईक दत्तू कोकरे होता, मेंढपाळाच्या घरातला. मला त्याचा लई हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी पाचला पीटी, मग रोल कॉल, मग किनाऱ्यावर गस्त. बेटावर नारळ सोडून विकण्यासारखं काही नव्हतं. जुन्या काळी लोक जहाजवाल्यांना नारळ देऊन कापड आणि लोखंड घेत. युरोपातून वसाहत करायला आलेले गोरे तापानं मेले, उरलेले निघून गेले. आजही सुकं खोबरं जहाजानं बाहेर जातं आणि जहाजानंच तांदूळ, कांदा, डिझेल येतं.

हे सगळं दत्तूला गावच्या प्रमुखानं सांगितलं. तिथं प्रमुखाला कॅप्टन म्हणतात. पहिल्याच दिवशी मी त्या म्हाताऱ्याला सॅल्यूट ठोकला, जवान हसले. दत्तू त्याच्यापाशी बसून नारळ सोलायला शिकला, त्यांची भाषा शिकला. सीनियर मी होतो. गाव मात्र त्याला ओळखायचं.

एकदा समुद्र खवळला होता. जहाज जेटीला लागेना, म्हणून लोक होड्यांतून खोबरं पोचवत होते. मदतीला आमची एक बोट जाणार होती. सुभेदार साहेबांनी दत्तूचं नाव घेतलं.

"साहेब, मी जातो," मी म्हणालो.

"पोहता येतं?"

"थोडं."

"मग रेडिओवर बस."

निघताना दत्तू म्हणाला, "दादा, तोंड कावून पाडलंय? पुढच्या बारीला तुमी जा."

"जा बे," मी म्हणालो.

नऊ चाळीसला वारा फिरला. साहेबांनी बोट परत बोलवायला सांगितलं. मी सेट उचलला.

"बोट वन, परत या. ओव्हर."

"दादा, कॅप्टनची होडी उलटलीय. तो आन् त्याची सून पाण्यात हायत. ओव्हर."

"ऑर्डर परत यायची आहे. ओव्हर."

"म्हाताऱ्याला घेतलं. बाई दिसतीय. आउट."

मी निरोप वेळेवर दिला. लॉगमध्ये नऊ बेचाळीस लिहिलंय. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, ते लॉगमध्ये नाही. मनात आलं, आता पुन्हा यालाच शाबासकी.

बोटीतल्या जवानानं नंतर सांगितलं, की दत्तूनं पाण्यात उडी मारून बाईला बोटीपर्यंत ढकललं. पुढच्या लाटेनं त्याला खडकावर नेलं. साडेअकराला तो सापडला, जीव गेलेला. गावातल्या माणसांनी त्याला आम्हाला उचलू दिलं नाही. कॅम्पपर्यंत त्यांनीच खांद्यावर आणलं. मी मागून चाललो. लाज वाटते, पण तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला.

निवृत्तीनंतर नांदूरघाटला गेलतो. त्याची आई ओसरीवर ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, हेव्यासकट. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"त्याच्या थोरल्या भावालाबी त्याचा असाच हेवा वाटायचा," ती म्हणाली. "त्यात तुमचं काय चुकलं न्हाई."

नाईक दत्तू कोकरे, वय एकोणतीस. दोन माणसं त्यानं बाहेर काढली. त्याच्या जागी मी असतो तर ऑर्डर ऐकून परत आलो असतो.