अलगदरावांचा पाय

सोमवारी संध्याकाळी बाबा कामावरून आले, दाराशी चप्पल काढली आणि हात धुवायला आत गेले. मी फरशीकडे बघितलं तर दारापासून मोरीपर्यंत लाल ठिपके, एकाआड एका पावलाला एक. त्यांना खुर्चीत बसवून पाय वर घेतला. उजव्या टाचेत चपट्या डोक्याचा बारीक खिळा रुतला होता. मी सोफ्यांची आणि गाडीच्या सीटची कव्हरं शिवते, असले खिळे माझ्या पिशवीत कायम असतात. सकाळी पिशवी उपडी झाली होती, तेव्हाच एक घरंगळला असणार.

"अरेच्चा, हा कधी घुसला?" म्हणून बाबा हसले. मला हसू आलं नाही. सकाळी आठपासून तो खिळा टाचेत घेऊन ते गाडी चालवत होते, आणि उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"झाले दोन-तीन महिने. साखर वाढल्यापासून. तळव्याला जाड मोजा घातल्यासारखं वाटतं."

"कोणाला सांगितलंत?"

"तुला. आत्ता."

बाबा एकतीस वर्षं एकाच डॉक्टरीणबाईंकडे ड्रायव्हर आहेत. बाईंचं छोटं प्रसूतिगृह आहे. बाळांना वेळकाळ नसतो, त्यामुळे बाईंची अर्धी झोप गाडीच्या मागच्या सीटवर होते. त्यांना जाग येऊ नये म्हणून बाबा ब्रेक असा दाबायचे की गाडी थांबली हे बाहेर बघितल्यावरच कळावं. बाईंनीच त्यांना 'अलगदराव' नाव ठेवलं आणि ते सगळ्या ड्रायव्हर मंडळींत चिकटलं. घरातही तेच. दार इतकं हळू लावतात की आई दोनदा चोर समजून लाटणं घेऊन धावली होती.

गाडी ते नेहमी अनवाणी चालवतात, चप्पल सीटखाली. "ब्रेक पायाला ऐकू यायला हवा," असं म्हणायचे. लहानपणी मला ही थाप वाटायची. पण एकदा नुसता तळवा पेडलवर ठेवून पुढच्या चाकात काहीतरी घासतंय असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मेकॅनिकला तिथे खरंच दगडाची कपची सापडली होती. आता त्याच पायाला खिळा ऐकू आला नव्हता.

"बाईंना सांगा," मी म्हणाले.

"बाई नवी गाडी घेतायत. गुरुवारी आपणच दोघं बघायला जाणार, मी गाडी बघायची, तू सीट. तेवढं होऊ दे, मग सांगतो." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ड्रायव्हरचा पाय गेला की त्याच्याकडे उरतं काय गं?"

मीही मग बाईंना काही कळवलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे दुसऱ्यांना मी तोंड भरून सांगते. स्वतःच्या घरचं कोंबडं मात्र मीच टोपलीखाली धरून बसले होते.

बाईंची सहा वर्षांची नात आहे. रोज साडेबाराला बाबाच तिला शाळेतून आणतात. मंगळवारी आणि बुधवारी साडेबारा वाजले की माझं मशीन थांबायचं. सव्वाला फोन करून मी काहीतरी फालतू विचारायची, घरी येताना साबण आणाल का वगैरे. त्यांचा आवाज ऐकला की जिवात जीव यायचा. दोन दिवसांत घरात साबणाच्या पाच वड्या जमल्या.

गुरुवारी शोरूममध्ये गेलो. बाबांनी माझी शिवणाची टेप आणली होती. लहान गाडी त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत मोजली, पावणेचार मीटर. मोठी पाच मीटरला जरा कमी. टायवाला सेल्समन म्हणाला, "काका, सगळं माहितीपत्रकात आहे." बाबा म्हणाले, "आमच्या बाईंचं फाटक माहितीपत्रकात नाहीये."

आधी लहान गाडी. सेल्समन पुढे त्यांच्या शेजारी, मी मागे. इंजिन गरीब स्वभावाचं, चढावर कुरकुरणारं. सीटचा फोम मऊ होता, बसताक्षणी आवडेल असा, आणि वर्षभरात बसेल असाही. बैठक आखूड असल्याने मांड्या अधांतरी राहत होत्या. पण माझं लक्ष सीटवर नव्हतं. पहिल्या सिग्नलला बाबांनी मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघितलं. दुसऱ्यालाही. एकतीस वर्षांत मी त्यांना गाडी चालवताना खाली बघताना पाहिलं नव्हतं. पाय कुठे आहे हे ते डोळ्यांनी शोधत होते.

मग मोठी. सीट घट्ट, रुंद, कंबरेला मागून धरणारी, शिवणसुद्धा दुहेरी. मनात म्हटलं, बाईंच्या कंबरेला हीच. पण बॉनेट इतकं उंच की समोरचा रस्ता वीस पावलांपुढे सुरू व्हायचा. आणि ताकद अशी की पाय नुसता टेकला तरी पाठ सीटला चिकटत होती.

बाजाराच्या कोपऱ्यावर एक बाई हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. बाबांनी तिला बघितलं. मी आरशात त्यांचे डोळे बघितले, त्यांनी तिला नक्की बघितलं होतं. त्यांनी पाय दाबला आणि गाडी पुढे उसळली. बाबांची मान झटकन खाली गेली, पाय ब्रेकवर सरकला, आणि असा हिसका बसला की माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. गाडी थांबली तेव्हा त्या बाईचा हात बॉनेटवर होता. बॉनेटवरून तिचे फक्त खांदे आणि डोकं दिसत होतं, आणि मला एकच दिसलं की बाईंची सहा वर्षांची नात तिथे असती तर दिसलीच नसती.

ती बाई निघून गेल्यावर सेल्समन हसला. "ताकद आहे ना काका. सवय होईल."

"पिकअप फारच आहे," बाबा म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या बाबांबद्दल मी ही म्हण कधी वापरेन असं वाटलं नव्हतं. आणि मी, कपाळाला टेंगूळ आलेली त्यांची लेक, मागे बसून म्हणाले, "हो, गाडी जरा उतावीळच आहे."

संध्याकाळी सहाला आम्ही बाईंच्या तपासणीच्या खोलीत उभे होतो. बाबांनी घडी केलेला कागद उघडला. फाटकातून मोठी गाडी दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून जाईल. लहान कुठेही वळेल, मोठीला गल्लीच्या तोंडाशी एकदा मागे घ्यावी लागेल. चढावर लहान गाडीचा जीव जातो, मोठीला चढ कळतही नाही. मग मी सीटचं सांगितलं.

"म्हणजे मोठीच," बाई म्हणाल्या. "झेपेल ना तुम्हाला, अलगदराव?"

ते हो म्हणाले तर उद्या साडेबारा वाजणार होते. ते नाही म्हणाले तर उद्यापासून ते कोण, हे मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी कागदाची घडी घातली.

"गाड्यांच्या ताकदीचं सांगितलं बाई. एक सांगायचं राहिलं."

त्यांनी खिशातून जुन्या गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. आवाज झाला नाही. मग उजव्या पायाची चप्पल काढली, पाय स्टुलावर ठेवला, टाचेवर माझी पट्टी होती.

"टाचणी घेऊन बघा. मी खिडकीबाहेर बघतो. टोचलं की सांगतो."

बाईंनी चष्मा लावला, त्यांच्यापुढे वाकून बसल्या आणि टाचणीचं टोक अंगठ्याखाली टेकवलं. मग तळव्याच्या मध्यावर. मग करंगळीशी. मग बोटांच्या बेचकीत. त्यांचा हात मला दिसत होता, आणि बाबांची पाठ.

"हं बाई," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "करा सुरू."